गावाच्या माजघराची अडगळ होऊ नये म्हणून

मैत्रिणींनो, आधी एका प्रश्नाचं खरं खरं उत्तर द्या. तुमच्या गावच्या जुन्या पेठेत, अगदी मधल्या बाजारात, तुम्ही शेवटच्या कधी गेला होतात? नाशिकच्या असाल तर मेन रोडला, कोल्हापूरच्या असाल तर महाद्वार रोडला, नागपूरच्या असाल तर सीताबर्डीला, सोलापूरच्या असाल तर नव्या पेठेत. आणि गेला होतात ते कसं? हातात पिशवी घेऊन, रमतगमत, चार दुकानं बघत? की जीव मुठीत धरून, एक काम उरकून, घाईघाईनं परत?

'नको गं बाई ती गर्दी!' असंच आलं ना मनात? माझ्याही यायचं. मी पुण्याची, कोथरूडला राहते. तुळशीबागेत किंवा लक्ष्मी रस्त्यावर जायचं म्हटलं की आदल्या रात्रीपासून कपाळाला आठ्या. गाडी कुठे लावायची, उचलून तर नेणार नाहीत, रस्ता कसा ओलांडायचा! त्यापेक्षा जवळच्या दुकानातून दोन पैसे जास्त देऊन घेतलेलं काय वाईट, असा हिशेब मी कित्येक वर्षं केला. तो हिशेब कुठे चुकला, ते माझ्या सासूबाईंनी मला दाखवून दिलं. तीच गोष्ट आज तुम्हाला सांगायची आहे.

जुन्या वाड्यातलं माजघर तुमच्यापैकी अनेकींनी पाहिलं असेल. निदान आजीकडून ऐकलं तरी असेल. ओटी आणि स्वयंपाकघर यांच्या मधली ही खोली. दुपारचं निवडणं-टिपणं तिथे, हळदीकुंकवाच्या बायका बसायच्या त्या तिथे, आल्यागेल्याची सुखदुःखं बोलायची तीही तिथेच. पुढे घर वाढतं. मागे खोल्या निघतात, वर मजला चढतो. मग माजघराचं काय होतं? ज्याला जे ठेवायला जागा नाही ते तो तिथे आणून ठेवतो. मोडकी खुर्ची, रद्दीचे गठ्ठे, पोरांच्या सायकली. हळूहळू तिथे कुणी बसेनासं होतं. त्यातून वाट काढत इकडून तिकडे जायचं, एवढंच उरतं.

शहराच्या मधल्या पेठेचंही अगदी असंच होतं. फरक इतकाच, की तिथली अडगळ लोखंडाची आणि चाकांची असते.

सासूबाईंनी बाजार का सोडला

माझ्या सासूबाईंचं माहेर शनिवार पेठेतलं, सासर सदाशिव पेठेतलं. १२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटून पुण्यात पूर आला, तेव्हा त्या तेरा वर्षांच्या होत्या. घरात पाणी शिरलं, भिंती खचल्या आणि माहेरचं बिऱ्हाड सहकारनगरात गेलं. १९६९ साली लग्न होऊन त्या पुन्हा पेठेत आल्या, वाड्यातल्या तीन खोल्यांत. १९८६ साली आमचं घर कोथरूडला आलं. पण घर सुटलं तरी बाजार काही सुटला नाही. महिन्यातून एकदा तरी त्यांची तुळशीबागेत फेरी व्हायचीच. वाती, फुलवाती, उदबत्ती, नातीसाठी खोट्या मोत्यांची माळ, कुणाच्या तरी बारशाला पितळी भातुकली. घ्यायचं थोडं आणि बघायचं फार!

मग एकदम त्यांनी जाणंच सोडलं. कुणी विचारलं तर म्हणायच्या, "गुडघे दुखतात गं." आम्हीही ते खरं मानलं. पण गुडघ्यांचंच जर कारण असेल, तर सोसायटीच्या आवारात रोज सकाळी चार फेऱ्या कशा होतात? एकदा भाजी निवडताना मी फारच खनपटीला बसले, तेव्हा त्या खाली मान घालून म्हणाल्या, "अगं, तिथं गेलं की तीन तास जायचं कुठं?"

मला आधी कळलंच नाही. मग कळलं, आणि माझीच मला लाज वाटली. बाजाराला जायच्या दिवशी सासूबाई सकाळपासून पाणी पीत नसत! वर्षानुवर्षं! शेवटच्या खेपेला मात्र त्यांचा अगदी नाइलाज झाला. एका दुकानात त्यांनी खालच्या आवाजात विचारलं. "आजी, बायकांची सोय नाही आमच्याकडे," असं उत्तर आलं, तेही चारचौघांत, मोठ्यानं. अर्धी पिशवी भरलेली, अर्धी रिकामी, तशाच त्या रिक्षा करून घरी आल्या. त्यानंतर बाजार बंद. शरमेपोटी घरात एक शब्द बोलल्या नाहीत.

आता तुम्ही सांगा, असं कारण कुठल्या कागदावर येईल? पेठेतला धंदा का कमी झाला याची चर्चा करताना कोण म्हणेल, की एका शहात्तर वर्षांच्या बाईला जायला जागा नव्हती म्हणून?

आणि मीही काही फार शहाणी नाही बरं का. 'दोनच मिनिटं' म्हणत मी स्कूटर फूटपाथवर चढवलेली आहे. एकदा अशीच लावून दुकानातून ब्लाऊजपीस घेऊन बाहेर आले, तर एक आजी माझ्या गाडीला वळसा घालायला रस्त्यावर उतरत होत्या. मागून बस येत होती. त्यांनी माझ्याकडे नुसतं पाहिलं. बोलल्या असत्या तर बरं वाटलं असतं. सासूबाईंच्याच वयाच्या असतील.

गर्दी आहे, पण नांदणं कुठे आहे?

तुम्ही म्हणाल, पेठ ओस कुठे पडलीय? तिथे तर मुंगीला शिरायला जागा नाही! खरं आहे. पण गर्दी असणं वेगळं आणि घर नांदतं असणं वेगळं. दिवाळीच्या आधी आठ दिवस मुंगीला वाव नाही आणि रात्री नऊ नंतर वरच्या मजल्यावर एक दिवा लागत नाही, ही काही नांदत्या पेठेची खूण नव्हे.

माणसं गेली कशी, याची कारणं साधी आहेत. पानशेतच्या पुरानं काही कुटुंबं एका दिवसात उचलून बाहेर टाकली. पण त्याहून जास्त गेली ती हळूहळू. १९४७ च्या भाडे कायद्याने जुनी भाडी जवळजवळ गोठली. भाडेकरूला आधार मिळाला, ही मोठीच गोष्ट. पण महिन्याला पाच-दहा रुपये घेणारा मालक वाड्याची कौलं कशाला बदलेल? तो बदलेना, भाडेकरूला परवडेना, आणि दोघांच्या मध्ये वाडा पावसाळ्यागणिक खचत गेला. १९९९ च्या नव्या भाडे नियंत्रण कायद्याने दरवर्षी ४ टक्के वाढीची सोय केली. पण मुळात पाच रुपयांवर चार टक्के म्हणजे किती होतात, ते तुम्हीच मांडून बघा! शनिवारवाड्याच्या आसपासच्या घरांची आणखी एक अडचण. २०१० साली कायद्यात झालेल्या बदलानंतर अशा संरक्षित स्मारकापासून १०० मीटरच्या आत नवं बांधकाम करता येत नाही. स्मारक जपायला हवंच. पण त्याच्या सावलीत राहणाऱ्याला मोडकळीला आलेला वाडा ना पाडून बांधता येतो, ना धड विकता येतो.

इकडे शहर मात्र पसरत राहिलं. २०२१ साली आणखी २३ गावं पालिकेत आली आणि पुण्याचा विस्तार ५०० चौरस किलोमीटरच्या वर गेला. एवढ्या मोठ्या घराला माजघर मात्र तेच, दोनशे-अडीचशे वर्षांपूर्वीचं. बैलगाडी आणि पालखी जाईल एवढ्या रुंदीच्या त्या गल्ल्यांत आता हजारो दुचाक्या आणि मोटारी.

वर राहणारी माणसं गेली की खाली काय होतं, हे फार वर्षांपूर्वी एका बाईने नेमकं सांगून ठेवलंय. जेन जेकब्स तिचं नाव. न्यूयॉर्कमध्ये राहणारी, तीन मुलांची आई. नगररचनेची पदवी वगैरे तिच्याकडे नव्हती. तिच्या घराजवळच्या वॉशिंग्टन स्क्वेअर नावाच्या बागेतून मोठा रस्ता काढायचा घाट घातला गेला, तेव्हा त्या भागातल्या आया उभ्या राहिल्या, त्यात तीही होती. रस्ता तर झाला नाहीच, उलट १९५८ साली बागेतून जाणारी वाहतूकच बंद झाली. १९६१ साली तिने शहरांविषयी जे पुस्तक लिहिलं ते आजही जगभर शिकवलं जातं. त्यातलं एक म्हणणं तर आपल्याला वाड्यात राहून आधीच ठाऊक होतं. रस्ता सुरक्षित राहतो तो खिडकीतल्या आणि ओट्यावरच्या डोळ्यांमुळे. गॅलरीत केस विंचरणारी बाई, दुकानाच्या पायरीवर बसलेले आजोबा, खाली खेळणारी पोरं. ही माणसं असली की एकट्या बाईला रात्री आठ वाजता गल्लीतून जायला भीती वाटत नाही. वरचे मजले गोदामं झाले, की खालचा रस्ताही परका होतो.

इमारतीवर खर्च, की माणसांवर?

पेठ सुधारायची म्हटलं, की आधी डोळ्यासमोर येतात ते रंगवलेले दर्शनी भाग, शोभेचे दिवे, एखादं कारंजं. हा वाद नवा नाही बरं. तो तर आपल्या मंडईच्याच वयाचा आहे.

पूर्वी पुण्याचा भाजीबाजार शनिवारवाड्यापुढच्या मोकळ्या पटांगणात भरायचा. तो नीट एका छपराखाली यावा म्हणून नगरपालिकेने दगडी मंडई बांधायचं ठरवलं. त्या वेळी नगरपालिकेचे सभासद असलेले जोतीराव फुले यांनी विरोध केला. एवढा पैसा इमारतीवर घालण्यापेक्षा तो गरिबांच्या शिक्षणावर खर्च करा, असं त्यांचं म्हणणं. मंडई झालीच, १८८६ साली. मधोमध अष्टकोनी मनोरा आणि त्याला आठ बाजूंनी फुटलेल्या आठ पाकळ्या, अशी देखणी. गव्हर्नर लॉर्ड रे यांचं नाव तिला दिलं गेलं. आणि पुढे आचार्य अत्रे यांच्या पुढाकाराने तिचं नाव झालं महात्मा फुले मंडई! ज्यांनी विरोध केला त्यांचंच नाव इमारतीला लागलं, याची मला नेहमी गंमत वाटायची. आता वाटतं, ते नाव तिथे असलं ते बरंच झालं. येता-जाता तोच प्रश्न ते विचारत राहतं, की हा पैसा कुणासाठी?

आणि हेही खरं, की मंडई टिकली ती तिच्या मनोऱ्यामुळे नाही. गाळ्यावर उंच बसून 'ताई, घ्या की हो!' म्हणणाऱ्या भाजीवाल्या बायकांमुळे आणि रोज तिथे जाणाऱ्या आपल्या सासवा-आयांमुळे ती टिकली.

दुसऱ्यांनी काय करून पाहिलं

डेन्मार्कची राजधानी कोपनहेगन. तिथल्या मधल्या बाजारातला 'स्ट्रॉयेट' नावाचा साधारण एक किलोमीटर लांबीचा रस्ता १७ नोव्हेंबर १९६२ ला मोटारींसाठी बंद केला. आधी फक्त प्रयोग म्हणून. दुकानदार हवालदिल झाले. गाडी नाही तर गिऱ्हाईक कुठून येणार? वर्तमानपत्रांतून टीका झाली, की आपण थंड मुलखातली माणसं, इटलीतल्या लोकांसारखे रस्त्यावर कोण बसणार आहे? दोन वर्षांनी, १९६४ साली, तो रस्ता कायमचा पायी चालणाऱ्यांचा झाला. लोक आले, बसले, आणि बसलेल्या माणसांनी खरेदीही केली. त्यानंतर एकदम सगळं गाव खोदून न काढता, दरवर्षी थोडी थोडी जागा गाड्यांकडून काढून माणसांना देत गेले. आपण नाही का, एका दिवाळीला एक खोली रंगवून घेत? तसंच.

तुम्ही म्हणाल, ते झालं परदेशचं. मग आपल्या दिल्लीचा चांदनी चौक घ्या. ही पेठ १६५० च्या सुमारास कुणी आखली ठाऊक आहे? शहाजहानची मुलगी जहाँआरा बेगम हिने! मधून कालवा, मध्ये हौद, दोन्ही बाजूंना दुकानं. पुढे तिथे हातगाड्या, मोटारी, लोंबणाऱ्या तारा यांची इतकी कोंडी झाली, की चालणं मुश्किल. डिसेंबर २०१८ मध्ये काम सुरू झालं आणि १२ सप्टेंबर २०२१ ला नवा चौक लोकांसाठी खुला झाला. लाल किल्ल्यासमोरून फतेहपुरी मशिदीपर्यंतच्या सव्वा-दीड किलोमीटरवर सकाळी ९ ते रात्री ९ मोटारींना बंदी ठरली. तारा जमिनीखाली गेल्या, बसायला जागा झाली.

पण थांबा, गोष्ट इथेच संपत नाही. थोड्याच दिवसांत गाड्या पुन्हा घुसू लागल्याच्या, बसायच्या जागा फुटल्या-तुटल्याच्या तक्रारी येऊ लागल्या. फुटपाथवर पोट भरणाऱ्या विक्रेत्यांनी विचारलं, आम्ही कुठे जायचं? थोडक्यात, लग्न लावणं सोपं, संसार करणं अवघड! पेठ सजवायला एकदा पैसा लागतो. ती राखायला मात्र रोजची झाडलोट आणि रोजचा पहारा लागतो.

एका दिवसाचं माजघर

आता आमच्या घरची गोष्ट पुरी करते. पुणे महापालिकेने २०१६ साली पायी चालणाऱ्यांसाठी धोरण मंजूर केलं, आणि २०२१ पासून ११ डिसेंबरला 'पादचारी दिन' पाळायला सुरुवात केली. त्या दिवशी लक्ष्मी रस्त्याचा नगरकर तालीम चौक ते गरुड गणपती चौक हा तुकडा वाहनांना बंद ठेवतात. २०२४ साली मी ठरवलंच, की सासूबाईंना न्यायचं. त्याच वर्षी २९ सप्टेंबरला मेट्रोचा स्वारगेटपर्यंतचा भुयारी भाग सुरू झाला होता. मंडईला स्टेशन झालं होतं.

"मेट्रोच्या स्टेशनावर सोय असते, आई," मी मुद्दाम सांगितलं. त्यांनी त्या दिवशी सकाळी चहा घेतला, वर पेलाभर पाणीही प्यायल्या. माझ्या दृष्टीने बाजार तिथेच अर्धा जिंकला होता!

आनंदनगरला गाडीत बसलो, जिल्हा न्यायालयाला उतरून खालच्या गाडीत. ते स्टेशन जमिनीच्या पोटात सुमारे ३३ मीटर खोल. सासूबाई सरकत्या जिन्याचा कठडा घट्ट धरून म्हणाल्या, "आमच्या पेठेखाली एवढी विहीर?" मंडईला वर आलो, तुळशीबागेत रामाचं दर्शन घेतलं. पेशवाईत नारो अप्पाजी तुळशीबागवाल्यांनी बांधलेलं हे देऊळ. त्याच्या भोवतीच हा सारा बायकांचा बाजार वाढला. फुलवाती घेतल्या आणि रमतगमत लक्ष्मी रस्त्याच्या त्या बंद केलेल्या भागाकडे निघालो.

चौक ओलांडला आणि सासूबाई थबकल्या. हॉर्न नाही. रस्ता पुढे सगळा माणसांचा. लहान मुलं मधोमध पळताहेत, एक बाई बाळाची गाडी ढकलत निवांत चाललीय. सासूबाई सवयीने कडेकडेने चालू लागल्या. मी म्हटलं, "आई, मधून चाला की." त्या मधून चालू लागल्या. दहा पावलांवर त्यांनी माझा हात सोडला.

बसायला खुर्च्या मांडल्या होत्या. त्या बसल्या. शेजारी त्यांच्याच वयाची एक बाई. दोन मिनिटांत दोघींचं कुळ-मूळ निघालं, शाळा एकच निघाली. वीस मिनिटांनी सासूबाई ताज्यातवान्या होऊन उठल्या आणि एका दुकानात शिरून त्यांनी नातीसाठी परकराचं कापड, मला एक सुती साडी आणि स्वतःसाठी शाल घेतली. बिल देताना मला म्हणाल्या, "बघ, बसायला मिळालं म्हणून एवढी खरेदी झाली. नाहीतर मी कधीच परत फिरले असते. दुकानदारांना सांग, बाक काही एवढं महाग नसतं."

नगररचनेवरचं मोठं व्याख्यान ऐकून मला जे कळलं नसतं, ते त्या एका वाक्यात कळलं. जी बाई बसू शकते ती थांबते, आणि जी थांबते ती घेते.

आणि दुसऱ्या दिवशी?

दुसऱ्या दिवशी शाल बदलायला मी एकटी गेले. त्याच जागी दुचाक्यांची रांग, हॉर्नचा कालवा. खुर्च्या नाहीत. घरी आल्यावर सासूबाईंनी विचारलं, "होतं का गं कालच्यासारखं?" मी म्हटलं, "नाही." त्या काही बोलल्या नाहीत.

एका दिवसाने पेठ सुधारत नाही हे मलाही समजतं. आणि अडचणी खऱ्या आहेत. दुकानदाराला वाटतं, गाडीतून येणारं मोठं गिऱ्हाईक तुटेल. वर राहणाऱ्याला काळजी, की घरात आजारी माणूस असेल तर रुग्णवाहिका येणार कशी. पथारीवालीला धास्ती, की सुधारणेच्या नावाखाली पहिली उचलबांगडी आपलीच. आणि पेठ फारच गोजिरी झाली तर भाडी वाढून बोहरी आळीतला छोटा दुकानदार, तांबट आळीतला कारागीर टिकणार का, हाही प्रश्न आहेच. यांना दूर सारून केलेली सुधारणा म्हणजे माजघर स्वच्छ करताना आजीलाच बाहेर काढण्यासारखं.

म्हणून मला आता एक साधी कसोटी सुचली आहे. कुठलीही योजना येऊ दे, कितीही कोटींची असू दे. आपण एवढंच विचारायचं, की शहात्तर वर्षांची बाई तिथे एकटी जाऊन, पोटभर पाणी पिऊन, तीन तास सुखाने काढू शकेल का? तिला चालायला सलग फूटपाथ, बसायला बाक, सावली, स्वच्छ स्वच्छतागृह आणि परतायला बस मिळेल का? मिळत असेल तर ती पेठ गर्भार सुनेलाही सोयीची, शाळकरी मुलीलाही, आणि दुकानदारालाही.

आपल्या हातात काय आहे?

'हे सगळं सरकारचं काम, आपण काय करणार?' असं म्हणून हात झटकू नका. पेठेतल्या गिऱ्हाइकांत निम्म्याहून जास्त आपणच असतो. गिऱ्हाइकाचा शब्द जड असतो.

पहिलं, आपल्यापासून सुरुवात. 'दोनच मिनिटं' हा शब्द विसरा. गाडी लांब लावा किंवा घरीच ठेवा. पुण्यात २०२१ साली पेठांसाठी दिवसभराच्या १० रुपयांच्या तिकिटावर छोट्या बसगाड्या सुरू झाल्या, आता मेट्रोही आली. तुमच्या गावातही बस असेलच. आठवड्यातल्या मधल्या वारी, दुपारच्या वेळी निघालात तर गर्दीही कमी लागते.

दुसरं, दुकानात विचारा. 'बसायला एखादं स्टूल आहे का? प्यायला पाणी? बायकांसाठी सोय?' न लाजता, नेहमीच्या आवाजात. एका बाईने विचारलं तर दुकानदार हसतो. महिन्यात तीस जणींनी विचारलं, की तो सोय करतो.

तिसरं, तक्रार एकच पण नेमकी करा. 'पेठेची दुर्दशा झाली आहे' असं पत्र फायलीत जातं. 'अमक्या चौकातल्या स्वच्छतागृहाला कडी नाही आणि पाणी येत नाही' असं पत्र मात्र कुणाला तरी उत्तर द्यायला लावतं. आपल्या क्षेत्रीय कार्यालयात किंवा नगरपालिकेत लेखी द्या आणि पोच घ्यायला विसरू नका.

चौथं, पैसा ठरतो तिथे पोचा. पुणे महापालिकेत २००६-०७ पासून नागरिकांनी आपल्या भागातली छोटी कामं अंदाजपत्रकासाठी सुचवायची पद्धत आहे. तुमच्या भिशी मंडळाने, भजनी मंडळाने मिळून एक अर्ज भरला तर? दुसऱ्या गावांत अशी सोय नसेल, तर अंदाजपत्रकाच्या आधी नगरसेविकेला गाठा. निम्म्या जागा बायकांसाठी राखीव आहेत, त्या कशासाठी?

पाचवं, पथारीवालीला विसरू नका. २०१४ च्या कायद्याप्रमाणे गावोगावी पथविक्रेत्यांची समिती असायला हवी, आणि तिच्यातल्या विक्रेत्या सभासदांत एक तृतीयांश जागा बायकांच्या. तुमच्या नेहमीच्या गजरेवालीला हे माहीत आहे का? पुढच्या वेळी गजरा घेताना सांगा. तिला हक्काची जागा मिळाली, तर आपलाही फूटपाथ मोकळा राहतो.

बघा, यातलं एकही काम फार कठीण नाही. घरात आपण हेच करतो ना? अडगळ एका दिवसात निघत नाही. आज रद्दी, उद्या मोडकी खुर्ची, परवा जाळी-जळमटं. आणि मग एखाद्या दुपारी कुणीतरी सतरंजी अंथरून तिथे बसतं, दुसरी येते, तिसरी येते, आणि माजघर पुन्हा माजघर होतं.

मी माझ्यापुरतं सुरू केलंय. आमच्या सोसायटीतल्या अकरा जणींच्या सह्यांचं पत्र दिलंय. मागितलंय ते फार थोडं. तुळशीबाग-मंडईच्या वाटेवर बायकांसाठी स्वच्छ, पाणी असलेलं एक स्वच्छतागृह आणि चार बाकं. पोच कपाटात जपून ठेवली आहे. पहिली सही सासूबाईंची. जुन्या वळणाची, ठसठशीत. सही करताना त्या म्हणाल्या, "पत्ता कोथरूडचा घातलास ते ठीक. पण खाली लिही, मूळ राहणार सदाशिव पेठ."

लिहिलंय.